दारावरची स्टेपनी

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. इथे फोन लागतो तो फक्त पाण्याच्या टाकीवर चढून, आणि मी टाकीवर चढून मामाशी गप्पा मारते हे आमच्या डॉक्टरबाईंना आवडत नाही. टपाल आठवड्यातून दोनदा बसबरोबर जातं, तेच बरं.

काम चांगलं चाललंय. फिरत्या दवाखान्याची व्यवस्था बघायला मी रुजू झाले, त्याला परवा तीन महिने होतील. औषधं मोजायची, नोंदी ठेवायच्या, कुठल्या वस्तीवर कधी जायचं ते ठरवायचं आणि गाडी धडधाकट आहे ना हे बघायचं. गाडी म्हणजे तुझीच. लिलावात घेतलेल्या त्या धुडाचं तू दीड महिना राबून पुन्हा वाहन केलंस, हे मी इथे येईल त्याला सांगते. चारही चाकांना ताकद लावली की ती दगडांवरून अशी चढते की भीती आत बसलेल्यांना वाटते, तिला नाही. चालवतात हळूभाऊ. खरं नाव दुसरं आहे, पण त्यांना बकऱ्या ओव्हरटेक करतात म्हणून सगळे हळूभाऊच म्हणतात.

आता मुद्द्याचं. मागच्या दारावर टांगलेली स्टेपनी काढून टाकावी असं मला वाटतं. ओरडायच्या आधी कारणं वाच.

दार बाजूला उघडणारं आणि त्यावर ते जाडजूड चाक. पुस्तकात या मापाचं चाक रिमसकट चौतीस किलोचं दिलंय. त्या वजनाने बिजागऱ्या उतरल्यात. मी दर सोमवारी पट्टी लावून मोजते. नोव्हेंबरात दाराचा खालचा कोपरा चौकटीपासून चार मिलिमीटर खाली होता, आज अकरा आहे. खटका बसायला दार उचलून आपटावं लागतं. शिवाय वस्तीवर आम्ही गाडीचं तोंड उताराकडे करून ठेवतो, लगेच निघता यावं म्हणून. मग ते दार आपल्याच वजनाने धाडकन मिटतं. गेल्या आठवड्यात एका आजोबांना स्ट्रेचरवरून आत घेताना ते हळूभाऊंच्या पाठीत बसलं. ते पुढे झुकले, स्ट्रेचर तिरकं झालं. आजोबा पडले नाहीत, पण म्हणाले, "त्यापेक्षा मी चालत येतो." त्यांचा पाय मोडलेला होता.

टपावर पाण्याची टाकी आहे. आत ठेवली तर स्ट्रेचर मावत नाही. म्हणजे स्टेपनी तळावर ठेवूनच निघायचं. आमची सगळ्यात लांबची फेरी जाऊन-येऊन अडतीस किलोमीटरची. तीन महिन्यांत दोन हजार शंभर किलोमीटर झाले आणि पंक्चर एकही नाही. रोज होणारा त्रास एकीकडे आणि कधीतरी होईल ते पंक्चर दुसरीकडे. मला तरी हिशेब सरळ दिसतो.

तुझ्या गॅरेजच्या भिंतीवरची पाटी मी विसरलेले नाही. 'स्टेपनीशिवाय गाडी बाहेर जाणार नाही.' मी तिच्यावरूनच वाचायला शिकले. म्हणून तर तुला विचारल्याशिवाय हात लावला नाही.

मामीला नमस्कार.

तुझी भाची


११ फेब्रुवारी

मास्तरीणबाईंना आशीर्वाद.

पत्र मामीने मोठ्याने वाचलं, मग मी मनात वाचलं, मग गिऱ्हाइकाला अर्धं वाचून दाखवलं. बकऱ्यांवर तो खूप हसला. हळूभाऊंना सांग, हळू चालवणाऱ्याची गाडी माझ्याकडे वर्षातून एकदा येते आणि जोरात चालवणाऱ्याची दर महिन्याला. माझं पोट दुसऱ्या जातीच्या ड्रायव्हरवर चालतं, पण मान पहिल्याला.

स्टेपनी काढायची नाही. तीन महिन्यांत पंक्चर झालं नाही याचा अर्थ पंक्चर तुझा पत्ता शोधत फिरतंय. माणूस छत्री घरी ठेवतो त्याच दिवशी भिजतो. कॉलेजात हे शिकवत नसतील, पण आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात.

दाराचं औषध वेगळं आहे. वरच्या बिजागरीत एकेक वॉशर घालायला सांग, कोपरा उचलला जाईल. खटक्याचा पत्रा थोडा खाली सरकवा. आणि दार मिटू नये म्हणून एक लोखंडी टेकू बनवून बसने पाठवतोय. दार उघडलं की चौकटीत अडकवायचा.

स्टेपनीला मात्र कोणी हात लावू नका. कव्हरही काढू नका. उन्हाने रबर तडकतं. मामीने ते कव्हर मापाने शिवलंय, एकदा काढलं की पुन्हा तसं बसायचं नाही. मी पुढेमागे तिकडे येईन तेव्हा काय ते बघेन.

जेवत जा वेळेवर. मिलिमीटर मोजून पोट भरत नाही.

मामा


१९ फेब्रुवारी

मामा,

टेकू मिळाला. सपाट जागेवर एकदम झकास. पण उतारावर गाडी जराशी हलली की तो निसटतो आणि मग दार आणि टेकू दोघंही अंगावर येतात. हळूभाऊ म्हणतात, आधी एक शत्रू होता, आता दोन झाले. वॉशर घातले. कोपरा अकरावरून सातवर आला होता, आठवड्यात पुन्हा नऊ झाला. वजन आहे तोवर हे असंच चालणार.

घाई का करतेय ते सांगते. सगळ्यात वरच्या वस्तीवर एक सुतार राहतो. त्याची बायको बाळंत व्हायची आहे, मार्चच्या वीस तारखेच्या सुमारास. पहिल्या खेपेला तिला फार रक्तस्राव झाला होता, मूलही राहिलं नाही. डॉक्टरबाई म्हणतात, हिला आठवडाभर आधी खाली दवाखान्यात आणून ठेवायचं. ती म्हणते, सोळापर्यंत थांबा, तोवर तिची आई येईल घर सांभाळायला. सोळाला आम्ही तिला आणायला जाणार. त्या वेळी ते दार मला तिच्या अंगावर नको आहे.

आणि एक सांगू? तू कारण देत नाहीस. छत्रीची म्हण हे काही कारण नव्हे. तू माझ्याशी असं कधीच बोलला नाहीस. लहानपणी मी गॅरेजात बसून नट वेगळे करायचे, आठवतं? पाच नटांच्या चाकांचे डाव्या डब्यात, सहा नटांच्या चाकांचे उजव्या. मी विचारलं होतं की सगळ्यांना एकच का नाही करत, तर तू हातातलं काम टाकून जमिनीवर खडूने चित्र काढून समजावलं होतंस. मी सात वर्षांची होते. आता पदवी घेतली तर मला समजावण्यासारखं काही उरलं नाही का?

दहा मार्चपर्यंत तुझ्या पत्राची वाट बघते. तोवर कारण कळलं नाही तर मी स्टेपनी काढणार आहे.

तुझी भाची


२५ फेब्रुवारी

मास्तरीण,

स्टेपनी काढायची नाही. गाडी मी बांधली आहे. तिच्यावर काय राहील आणि काय नाही हे मला कळतं. तू औषधं मोज, मी गाड्या बघतो. पदवीचा कागद मला दाखवू नकोस. तो चौकटीत लावून आमच्याच भिंतीवर टांगलाय, रोज दिसतो.

यावर पुन्हा लिहू नकोस.

मामा

ता.क. मी मामी. पाकिटावर पत्ता घालायला त्यांनी माझ्याकडे दिलं तेव्हा वाचलं. असं पत्र त्यांनी तुला लिहिलेलं मला आवडलं नाही, तसं मी बोललेही. तुझं मागचं पत्र आलं त्या दिवशी गॅरेजच्या भिंतीवरची पाटी त्यांनी उतरवून आत ठेवली. विचारलं तर म्हणाले, रंग द्यायचाय. रंग काही आणलेला नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस, पण घाईही करू नकोस. – मामी


४ मार्च

मामा आणि मामी,

पत्र वाचून मी दिवसभर औषधांच्या पेट्या पुन्हा पुन्हा मोजत बसले. दुसऱ्या दिवशी हळूभाऊंनी विचारलं, "मामांनी झापलं वाटतं?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग त्यांना काळजी आहे. परक्याला कोण झापतंय?"

मी विचार केला. मामा, तू मला इथे सोडायला आला होतास, तेव्हा गाडीभोवती तीन वेळा फिरलास आणि निघताना काहीच बोलला नाहीस. मला तेव्हा वाटलं, घाईत आहेस. आता कळतं. तुला माझ्यासाठी भीती वाटते आणि ती तुला लिहिता येत नाही. मी मात्र तुला मिलिमीटर पाठवत बसले. चुकलं माझं.

स्टेपनी राहू दे. तुझ्या शब्दाखातर मी तिला हात लावणार नाही. दार दोघांनी धरायचं असं ठरवलंय, एक जण फक्त दारासाठी.

आणि तुझं बरोबरच होतं असं दिसतंय. खालच्या रस्त्यावरचा पूल दुरुस्तीसाठी बंद होतोय. आता वरच्या वस्तीला जायचं तर मागच्या बाजूच्या खडकाळ वाटेनेच. तिथे दगड विळ्यासारखे आहेत. हळूभाऊ कुरकुरत होते. डॉक्टरबाईंनी मला सरळ विचारलं, "स्टेपनी आहे ना? नसेल तर या वाटेने जाण्यात अर्थ नाही, मी तिला खुर्चीत बसवून खांद्यावरून खाली आणायची सोय करते. चार माणसं आजच सांगून ठेवते." मी म्हटलं, आहे. माझ्या मामाने स्वतःच्या हाताने लावली आहे. मग त्यांनी माणसं सांगितली नाहीत.

सोळाला सकाळी निघू. आता रागावू नकोस. पाटीला रंग दिलास का?

तुझी भाची


९ मार्च

पोरी,

हे पत्र बसच्या कंडक्टरच्या हातात देतोय. त्याला सांगितलंय, टपालात टाकू नकोस, तिच्या हातात दे. पत्राबरोबर बसच्या टपावर एक चाक बांधलंय. ते उतरवून घेतल्याशिवाय कुठेही जाऊ नका.

दारावरची स्टेपनी तुमच्या गाडीला बसणार नाही. तुमची गाडी पाच नटांची. ते चाक सहा भोकांचं आहे.

कसं झालं ते लिहितो. गाडी द्यायच्या आदल्या दिवशी तुमच्या संस्थेचा माणूस तपासायला येणार होता. सगळं तयार होतं, फक्त त्या मापाचं पाच भोकांचं रिम कुठे मिळेना. मी चार दुकानं फिरलो. माझ्या कोपऱ्यात एक सहा भोकांचं चाक पडलेलं होतं, टायर चांगला. दारावरच्या बोल्टांवर ते बसेना, म्हणून पत्र्याची पट्टी वेल्ड करून त्यावर लावलं. वर मामीने शिवलेलं कव्हर. तिला मी काही सांगितलं नव्हतं. तो माणूस आला, लांबून बघून 'स्टेपनी आहे' अशी खूण करून गेला. मी मनात म्हटलं, आठ दिवसांत बरोबर चाक मिळालं की जाऊन बदलून येईन. तुला सोडायला आलो तेव्हाच सांगणार होतो. गाडीभोवती तीन वेळा फिरलो तो त्यासाठी. तू सगळ्यांना सांगत होतीस, हा माझा मामा, याने गाडी केली. मी न सांगताच निघालो.

आठ दिवसांचे पंधरा झाले, मग महिना, मग मी विचार करणं सोडून दिलं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा वाटलं, काढू दे म्हणावं, सुटलो. पण काढायची म्हणजे कव्हर निघणार आणि कव्हर निघालं की तू भोकं मोजणार. तुझ्याइतकी भोकं मोजणारी पोरगी मी बघितली नाही. मीच शिकवलंय तुला.

तू भांडत होतीस तोवर मला निभावून नेता येत होतं. परवा तू 'तुझ्या शब्दाखातर' असं लिहिलंस आणि चार माणसं रद्द झाली. त्यानंतर मी गॅरेज बंद केलं आणि बाहेर पडलो. बरोबर चाक दोन दिवसांत शोधलं. दोन दिवसांचं काम होतं. चार महिने का लागले, ते तू ओळख.

काढ ती स्टेपनी. ती स्टेपनी नाही, नुसतं वजन आहे.

मामा


१७ मार्च

मामा,

कंडक्टरने पत्र आणि चाक काल, सोळाला आणून दिलं. मधे घाटात दरड कोसळून बसच्या दोन फेऱ्या रद्द झाल्या होत्या. आम्ही वर गेलो ते चौदाला. सुतारिणीच्या पोटात सहा दिवस आधीच दुखायला लागलं आणि सुताराने माणूस पाठवला.

आधी हे वाच, मग पुढचं. आई आणि मुलगी दोघी जिवंत आहेत. आईला रक्ताच्या दोन बाटल्या द्याव्या लागल्या. कालपासून ती उठून बसते.

सकाळी सहाला निघालो. आठच्या सुमारास, वस्ती चार किलोमीटर राहिली असताना, मागचं डावं चाक दगडावर कापलं. भोक नाही, बोटभर लांब चीर. हळूभाऊंनी गाडी उभी केली आणि म्हणाले, "चला, आज तुमच्या मामांचं चाक कामाला आलं." मी कव्हर सोडलं. आधी मोजलं नाही, आधी दिसलं. मग मोजलं. सहा.

डॉक्टरबाईंनी मला एवढंच विचारलं, "तुला माहीत होतं?" मी नाही म्हटलं. त्यांनी पिशवी उचलली आणि आम्हाला आणायला आलेल्या माणसाबरोबर चालत वर निघाल्या. मागे वळून म्हणाल्या, "गाडी वर आणा. कशीही."

गाडी वर नेली हळूभाऊंनी. तुझ्या सहा भोकांच्या चाकाचा एक उपयोग झाला. ते आडवं करून गाडीच्या आसाखाली दगडांवर ठेवलं आणि गाडी त्याच्यावर टेकवली, म्हणजे जॅक मोकळा झाला. मग कापलेलं चाक पुढच्या बंपरखाली ठेवून, त्यावर जॅक लावून, गाडीच्याच वजनाने टायर रिमवरून सोडवला. चिरेवर आतून मामीचं कव्हर चार घड्या करून लावलं. जाड कापड आहे, मामीला सांग, टिकलं. आणि टायरमध्ये वाळकं गवत भरलं, गादीत कापूस भरतात तसं, पहारीने कोंबून कोंबून. गवत कापत होते मी, खुरप्याने. हळूभाऊ म्हणाले की त्यांनी हे एकदाच केलंय, बावीस वर्षांपूर्वी. "पळवली तर पेटेल, चालवली तर चालेल. आणि मी कधी पळवत नाही." हळूभाऊ म्हणून मी त्यांना हसायचे, ते त्या दिवसापासून बंद केलंय.

अडीच तास गेले. वर पोचलो तेव्हा मूल झालेलं होतं, सुताराच्या कामाच्या खोलीत, भुश्शावर चादर टाकून. रक्त थांबत नव्हतं. गाडी उताराकडे तोंड करून लावली. दार उघडलं ते एका बोटाने, आणि जिथे सोडलं तिथेच उभं राहिलं. स्ट्रेचर सरळ आत गेलं. खाली दवाखान्यापर्यंत अठरा किलोमीटर, साडेतीन तास. मधे एकदा थांबून पुन्हा गवत भरलं. डॉक्टरबाई सगळा वेळ मागे तिच्याजवळ गुडघ्यावर बसून होत्या. नंतर म्हणाल्या, "बरोबर चाक असतं तर एकही बाटली लागली नसती कदाचित." त्या ओरडून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला तुझा राग आला, खूप आला. तो लिहून काढला आणि ते पत्र फाडलं. मग सोमवारच्या तपासणीची वही उघडली. तिच्यात एक रकाना आहे, 'स्टेपनी: आहे / नाही'. अठरा सोमवार, 'आहे' समोर अठरा खुणा, सगळ्या माझ्या अक्षरातल्या. दाराचा कोपरा मी मिलिमीटरमध्ये मोजला, चाकाचं वजन पुस्तकातून काढलं, व्यास कव्हरवरून फितीने घेतला. दोन नाड्या सोडून आत बघितलं नाही. का, तर मामाने लावलीय. संस्थेच्या माणसाने लांबून खूण केली, मी जवळून केली, एवढाच फरक.

आता मला अहवाल लिहायचा आहे. संस्थेच्या आणखी तीन गाड्या तुझ्याकडे यायच्या आहेत, मला माहीत आहे. हळूभाऊ म्हणाले, "चाक कापलं एवढंच लिहा, खोटं थोडंच आहे?" खोटं नाही. पण मी पूर्ण लिहिणार आहे. चाक चुकीचं होतं, गॅरेजला माहीत होतं, आणि व्यवस्थापिकेने चार महिने न बघता 'आहे' लिहिलं. अहवाल शनिवारच्या टपालाने, तेवीस तारखेला जाईल. तो जाण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे.

तुझी भाची


२२ मार्च

पोरी,

पत्र मिळालं, मामीने वाचलं. वाचून होईपर्यंत मी उभाच होतो. मग ती मला बोलली. चोवीस वर्षांत जेवढं बोलली नव्हती तेवढं एका दमात बोलली. कव्हर तिच्याकडून शिवून घेतलं याचा तिला जास्त राग आहे. "माझ्या शिलाईखाली लपवलंत," म्हणाली. खरं आहे.

हे पत्रही कंडक्टरच्या हातात देतोय, उद्या तुझा अहवाल निघायच्या आत मिळावं म्हणून. त्यात 'गॅरेज' असं मोघम लिहू नकोस. गॅरेज म्हणजे कोण? मालकाचं पूर्ण नाव लिही आणि तो तुझा मामा आहे हेही लिही. नंतर कोणी म्हणायला नको की भाचीने झाकलं. गाड्या आल्या तर येतील. नाही आल्या तर ती माझी करणी आहे, तुझी नव्हे.

तुझ्या अठरा खुणांचं मला सांगू नकोस. माझ्या चुकीत वाटा मागायला येऊ नकोस, तुझी तू वेगळी ठेव.

दुसरं. तू पहिल्या पत्रात जे लिहिलं होतंस ते बरोबर होतं. दारावर एवढं वजन नकोच. मला ते तेव्हाही कळत होतं, कुठल्याही मेकॅनिकला कळेल. पण त्या वाटेवर स्टेपनीशिवाय जायचं नाही, हे माझंही बरोबर होतं. माझं खरं होतं तेही मी खोटं लपवायला वापरलं. मागच्या बंपरवर वेगळा लोखंडी हात करता येतो. चाक त्या हातावर बसतं. आधी हात बाजूला फिरवायचा, मग दार उघडायचं. दाराला काही ओझं नाही. संस्थेने परवानगी दिली तर गाडी पाठव. नाही दिली तर मी नकाशा काढून देतो, दुसऱ्याकडून करून घ्या.

त्या बाईला भेटायला यावं असं वाटतं. काय तोंडाने येऊ ते कळत नाही.

पाटी अजून आत आहे. परत लावू का, ते तू सांग.

मामा


१५ एप्रिल

मामा,

नमस्कार. अहवालाला संस्थेचं उत्तर आलं. गाड्या तुझ्याकडेच येतील, पण प्रत्येक गाडी घेताना दुसरा मेकॅनिक सोबत येऊन तपासेल. तुला हे लागेल, मला माहीत आहे. मला एक समजपत्र मिळालं, ते फायलीत लावलंय.

हळूभाऊ गेल्या आठवड्यात गाडी घेऊन परत आले. तुझ्या त्या लोखंडी हाताचं त्यांना फार कौतुक. म्हणाले, "तुमचे मामा मी निघताना माझे दोन्ही हात धरून उभे राहिले." मी घड्याळ लावून बघितलं, हात फिरवून दार उघडायला चार सेकंद जास्त लागतात. चार सेकंद चालतील. दाराचा कोपरा गेल्या आठवड्यापासून एक मिलिमीटरही उतरलेला नाही.

म्हणजे आपण दोघंही जिंकलो नाही. स्टेपनी दारावरून काढली, गाडीवरून काढली नाही.

सुतारीण घरी गेली. मी तिला सगळं सांगितलं, तुझ्याबद्दल आणि माझ्याबद्दलही. तिने ऐकून घेतलं, मुलीला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि म्हणाली, "त्यांना म्हणावं, या. आमच्या ह्यांनी पाळणा केलाय, त्याचं एक चाक नीट फिरत नाही." तोंड हेच घेऊन ये. तुझ्याकडे दुसरं कुठे आहे?

मामीने नवं कव्हर शिवायला घेतलंय असं हळूभाऊ म्हणाले. तिला सांग, नको. रबर तडकलं तर तडकू दे, दिसेल तरी.

पाटी लाव. रंग देऊ नकोस, आहे तशीच लाव. मी तिच्यावरून वाचायला शिकले ते काही चुकीचं शिकले नाही.

वहीतला तो रकाना मी बदललाय. आता तिथे 'आहे / नाही' असं नाही. महिन्यातून एका सोमवारी मागचं एक चाक काढायचं, तिथे स्टेपनी चढवायची, नट आवळायचे, गाडी अंगणात एक फेरी फिरवायची आणि मगच लिहायचं. हळूभाऊ फार कुरकुरतात. आज पहिल्यांदा केलं. नट मी आवळले.

पाच. बसले.

तुझी भाची